छत्तीस फुटांची ओटी

दिवाळीच्या आधी सरकारने घरपट्टीची सवलत जाहीर केली तेव्हा लोकांनी एकमेकांना फोन केले. मी डोक्याला हात लावला. सवलत जाहीर करायला एक माणूस पुरतो, पण ती घराघरात जाऊन मोजायला माझ्यासारखे लागतात, आणि आमच्या घरपट्टी कार्यालयात तसे आता चारच उरलेत. त्यातल्या एकाची पाठ गेलीय, एक निवडणुकीच्या कामावर आहे. राहिलो आम्ही दोघे. माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते आणि उजवा गुडघा माझ्या आधीच निवृत्त झाला होता.

सवलत ऐकायला सोपी होती. घर पाचशे चौरस फुटांपर्यंत असेल आणि मालक स्वतः राहत असेल, तर घरपट्टी माफ. शिवाय मागची थकबाकी दंडासकट माफ. अर्ज एकतीस मार्चपर्यंत. पाचशेच्या वर एक फूट जरी भरला तरी काही नाही, सगळं भरायचं. डोंबिवलीचं माझं स्वतःचं घर पाचशे पंच्याऐंशी आहे. योगिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की एकतीस वर्षं लोकांची घरं मोजलीत, आपलं तेवढं मोजून घेता आलं नाही तुम्हाला. आमच्याकडे हल्ली एवढंच बोलणं होतं आणि तेही खरंच असतं.

माझ्या वाट्याला बाळकुमच्या अलीकडच्या पलीकडच्या आळ्या आल्या. टॉवरमध्ये काम नव्हतं, तिथे कुणाचंच घर पाचशेच्या आत नाही. काम होतं ते टॉवरच्या पायाशी राहिलेल्या जुन्या गावातल्या घरांचं. तीनशे चाळीस अर्ज. सिस्टिममध्ये अर्ज उघडला की जुन्या सर्व्हेचा आकडा येतो. तो पाचशेच्या आत असेल तर तिथे कोण राहतं तेवढं जाऊन बघायचं. वर असेल तर नोटीस द्यायची की जास्तीचं बांधकाम काढा, मग येऊन मोजतो. दोनदा खेटे नकोत म्हणून आम्ही आपसात ठरवून टाकलेलं होतं की टेप लावायचा तो शेवटी एकदाच. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी गोदूबाईच्या घरी गेलो. अर्जावरचा आकडा होता पाचशे छत्तीस. लांबी पंचवीस, रुंदी वीस, आणि पुढची ओटी नऊ बाय चार. खाली सर्व्हे करणाऱ्याची सही होती ती माझीच.

नऊ वर्षांपूर्वीचा तो सर्व्हे मला चांगला आठवतो, कारण तेव्हा अख्खी आळी घरं मोठी करून सांगत होती. क्लस्टर येणार, जुनी घरं पाडून बिल्डिंगी होणार, कागदावर जेवढे फूट असतील तेवढा मोठा फ्लॅट मिळणार, अशी हवा होती. बाकी जगात लोक घरपट्टी वाचवायला घर लहान सांगतात. इथे मात्र हातात टेप घेतलेला माणूस दिसला की कुणी पडवीला भिंत घालत होतं, कुणी संडासही घरात धरा म्हणत होतं. गोदूबाईच्या मुलाने, गणूने, आदल्याच आठवड्यात ओटीला तीन बाजूंनी विटा लावून पुढे शटर बसवलं होतं. मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गोदूबाईचा नवरा मारुती तेव्हा होता. त्याने मला हाताला धरून बसवलं आणि तिने ताटात तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण वाढलं. त्या घरातून कुणी तसंच उठून जात नाही, निदान चहा तरी घ्यावाच लागतो, ही तिथली रीत आहे. मी जेवत होतो आणि गणू आकडे सांगत होता. पंचवीस लिहा साहेब. मी डाव्या हाताने फॉर्म धरून उजव्या हाताने जेवत होतो, म्हणून आकडे त्यानेच भरले आणि मी हात धुऊन खाली सही केली. टेप बॅगेतून काढलाच नव्हता.

या वेळी गेलो तेव्हा मारुती नव्हता. चार वर्षांपूर्वी गेला. आधी दोन वर्षं डायलिसिस चालू होतं आणि तेव्हापासून घरपट्टी भरायची राहून गेली होती. दंड चढत चढत त्र्याऐंशी हजार झाले होते आणि जप्तीची नोटीस दाराला लागून गेली होती. गणू शाळेची बस चालवतो. त्याची बायको जागृती समोरच्या टॉवरमध्ये दोन घरी पोळ्या करते. त्र्याऐंशी हजार ही काही त्या घरातून निघणारी रक्कम नव्हती.

ओटीत आता दुकान होतं. छत्तीस फुटांत साखर, तूरडाळ, तेलाच्या पिशव्या, साबण, बिस्किटं, काड्यापेट्या आणि एका बाजूला झाकणाच्या डब्यांत सुका जवळा आणि बोंबील. मधोमध स्टुलावर गोदूबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, पायांचे तळवे पसरट. तरुणपणी तिने खाडीकाठच्या मिठागरात काम केलं होतं आणि ती मिठागरं आता कुठे होती हेसुद्धा सांगता येणार नाही इतके त्यांच्यावर रस्ते झालेत.

जागृतीने मला हळू आवाजात सांगितलं की मामंजी गेल्यावर आई सहा महिने कुणाशी बोलली नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, बस. मग गणूने अडगळ काढून ओटीत चार डबे मांडून दिले, तर आठवड्यात तिला वाचा फुटली. टॉवरमधल्या बायका बोंबील घ्यायला येतात आणि अर्धा अर्धा तास बसतात. कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते गोदूबाईला सगळं माहीत असतं. दुकानातून फार काही सुटत नाही, असंही जागृती म्हणाली, पण आई उठते त्याच्यासाठी.

सुटत नव्हतं त्याचं एक कारण मी स्वतःही होतो. सप्टेंबरमध्ये किराण्यावरचा टॅक्स कमी झाला होता. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप, सगळं स्वस्त. गिऱ्हाइकं मोबाइलवरची बातमी दाखवून नव्या भावाने माल मागायची. गोदूबाईकडचा माल मात्र जुन्या टॅक्सने घेतलेला. मोठ्या दुकानांना तो फरक कुठून तरी भरून मिळतो म्हणे. हिच्याकडे टॅक्सचा नंबर नाही, पक्की बिलं नाहीत. एजन्सीवाल्याने सांगितलं की जुना माल जुन्या भावानेच गेला, आमचा संबंध संपला. मग ती पदरचे घालून विकायची, कारण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या मार्टमध्ये जाणार. त्या दिवशी मला टूथपेस्ट हवी होती. तिने खोक्यावर छापलेली किंमत सांगितली. मी सरकारी माणूस. मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं की ग्राहकाला सवलत देणं तिचं कर्तव्य आहे, आणि अकरा रुपये कमी दिले. तिने पैसे घेतले. हे मी स्वतःहून सांगतोय, कुणी विचारलं नव्हतं.

मग कामाचं बोललो. गणूला म्हटलं, पाचशे छत्तीस आहे, ओटी छत्तीस. विटा आणि शटर काढून ओटी उघडी कर, उघडी ओटी धरत नाहीत. बरोबर पाचशे राहतील आणि त्र्याऐंशी हजार माफ. इतकी सरळ वजाबाकी मला त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या अर्जात मिळाली नव्हती. गणूचा चेहरा खुलला आणि मग त्याने आईकडे पाहिलं. उघड्या ओटीवर दुकान चालणार नव्हतं. रस्त्याची धूळ, उंदीर, रात्री माल ठेवायचा कुठे, आत तर सहा माणसांची झोपायची जागा. हे सगळ्यांना कळलं.

गोदूबाई स्टुलावरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिथली जुनी माणसं साहेबालाही तूच म्हणतात आणि त्यात उद्धटपणा नसतो.

"सायेब, माजा घर येवरा मोटा नाय," ती म्हणाली. "मी पावलांनी मोजलाय. तीस पावलां हाय. तू मोज."

गणू कसनुसा झाला. पंचवीस फूट त्याचेच होते आणि नऊ वर्षांत बहुतेक तोही ते खरे मानायला लागला होता. घरात रोज राहणारा माणूस घर मोजून बघत नाही. तो म्हणाला, आई, ते पावलांचं राहू दे, साहेबांकडे कागद आहे. ती त्याच्याकडे न बघता मला सांगत राहिली की मिठागरात ठेकेदाराची मापाची दोरी नेहमी खोटी असायची, म्हणून बायका टाचेला अंगठा लावत वाफा चालून बघायच्या, आणि तिचा हिशोब कधी चुकला नव्हता.

मला त्या दिवशी अजून नऊ घरं करायची होती. गुडघा ठणकत होता. बॅगेत टेप होता, हात घातला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण एकदा हिला मोजून दाखवलं की शेजारची म्हणेल मलाही दाखव, आणि आळीच्या टोकापर्यंत संध्याकाळ होईल, हे मला अनुभवाने माहीत होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, पावलांनी मोजलेलं घर ऐकून मला हसू आलं होतं.

"आजी, कागदावर आहे ते आहे," मी म्हणालो. "ओटी काढा, मग येऊन मोजतो. आता घाई आहे मला."

तिने जागृतीला चहा टाकायला सांगितला. मी उभ्याउभ्याच घेतला, बशीत ओतून, लवकर निवावा म्हणून.

पुढचे तीन महिने माझे असेच गेले. घरं, जिने, कुत्री, वारसांची भांडणं. एका घरात दोन भावांनी माझ्यासमोर भिंतीवर रेघ मारली. संध्याकाळी घरी जाऊन फोटो अपलोड करायचे आणि सिस्टिम बंद पडली की पहाटे उठून करायचे. गोदूबाईची मला आठवणही नव्हती, आणि याची आज मला लाज वाटते, पण तेव्हा खरोखरच नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गणूचा फोन आला की काम झालंय, येऊन मोजा. गेलो. ओटी उघडी झाली होती. विटा ओळीने रचून ठेवल्या होत्या, शटर भंगारात गेलं होतं. लादीवर जिथे भिंत होती तिथे सिमेंटची खरबरीत रेघ राहिली होती. तराजू आणि रिकामे डबे आतल्या माळ्यावर गेले होते. गोदूबाई त्याच स्टुलावर, त्याच जागी बसली होती. फक्त आता तिच्याभोवती काही नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी बायका थांबल्या, दुकान बंद केलं का मावशी, म्हणून विचारलं आणि ती बोलायच्या आत पुढे गेल्या.

गणू बसवर होता. टेपचं दुसरं टोक जागृतीने धरलं. ती मला हळूच म्हणाली की माल संपवायला महिना लागला, शेवटचे साबण तर टॉवरमध्ये पोळ्या करते तिथे निम्म्या भावात दिले. एका सवलतीने माल खाल्ला, साहेब, आणि दुसरीने दुकान, असं म्हणून ती हसली. आई पुन्हा गप्प झालीय, आठवडाभर पाणी दे आणि दिवा लाव एवढंच बोललीय, हे मात्र तिने न हसता सांगितलं. थकबाकी माफ झाली की आम्ही सगळे सुटलो, होईल ती हळूहळू सरळ. तिला माझ्याकडून होकार हवा होता. मी मान हलवली.

आधी रुंदी घेतली. वीस फूट, बरोबर. मग लांबी. मागच्या भिंतीपासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत टेप ताणला आणि आकडा बघितला. साडेबावीस. टेप कुठे तरी अडकला असेल म्हणून जागृतीला म्हटलं, भिंतीला नीट टेकव. तिने टेकवला. साडेबावीस. मग बाहेरून, घराच्या कडेने गेलो, गटारावरून गुडघा सांभाळत. भिंतींची जाडी वजा जाता तेवढंच. परत आत आलो आणि तिसऱ्यांदा मोजलं. टेपला काय, तो प्रत्येक वेळी तेच सांगत होता.

साडेबावीस गुणिले वीस म्हणजे साडेचारशे. त्यात ओटीचे छत्तीस मिळवले तर चारशे शहाऐंशी. भिंतीसकट, शटरसकट, दुकानासकट ते घर पाचशेच्या आत होतं. पहिल्यापासूनच होतं. एक वीटही काढायची गरज नव्हती. नोव्हेंबरमध्ये मी हात बॅगेत घातला असता तर त्याच दिवशी अर्ज मंजूर करून निघालो असतो, आणि गोदूबाई आज बोंबील तोलत कुणाच्या तरी सुनेचं ऐकत बसली असती. गणूने अडीच फूट वाढवून सांगितले हे खरं. पण सही माझी होती, एकदा जेवताना केलेली, आणि दुसऱ्यांदा तीच सही बघून मी वजाबाकी केली होती.

"किती भरलं साहेब?" जागृतीने विचारलं. "पाचशे व्हायला पाहिजेत ना?"

मी साडेचारशे म्हटलं. ती म्हणाली, मग तर चांगलंच आहे, अजून कमी. मी फोटो काढले, आकडा भरला, मंजूर केला. मोबाइलवर हिरवी खूण आली. इथे मला निघता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. जागृती खूश होती, गणूचे त्र्याऐंशी हजार सुटले होते आणि माझ्या फाइलीत एक अर्ज कमी झाला होता. मी बॅग खांद्याला लावली आणि ओटीवर आलो.

गोदूबाईने माझे पाय बघितले असावेत, कारण मी तिच्यासमोर थांबलो तेव्हा तिने वर पाहिलं नाही.

"तीस पावलां भरलं ना?" ती म्हणाली.

मी तिच्या पावलाकडे पाहिलं. नऊ इंचांचं असेल. तीस पावलं म्हणजे साडेबावीस फूट. हे गणित मला नोव्हेंबरमध्येही येत होतं.

मी तिच्याजवळ लादीवर बसलो. गुडघा वाकत नाही, तरी बसलो, आणि तिला सगळं सांगितलं. ओटी मोडायला नको होती. दुकान राहिलं असतं. तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं, मी मोजलं नाही. नऊ वर्षांपूर्वीही मोजलं नव्हतं. चूक माझी आहे, आजी. जागृती दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

भिंत परत घालता येईल का, हे जागृतीनेच विचारलं. मला खरं ते सांगावं लागलं. आता उघड्या ओटीचे फोटो जोडून अर्ज मंजूर झालाय. परत विटा लावल्या तर ते नवीन बांधकाम धरतील, परवानगी मिळणार नाही आणि विनापरवाना बांधकाम म्हणून सवलतही रद्द होईल. मी हे अगदी सावकाश, नीट समजावून सांगितलं, टूथपेस्टच्या वेळी सांगितलं होतं तसंच.

गोदूबाईने सिमेंटच्या रेघेवरून पायाचा अंगठा फिरवला. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या गावातल्या बायकांच्या शिव्या मी नोकरीत पुष्कळ खाल्ल्यात आणि पचवल्यात.

"पयसं माफ झालं?" तिने विचारलं.

"झाले."

जागृतीला काय करावं कळेना. घरी आलेला माणूस समोर बसलाय आणि हात रिकामे आहेत हे तिला सहन झालं नसावं. ती पदर खोचत आत वळली आणि चहाचं पातेलं काढल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे गो," गोदूबाई रस्त्याकडे बघत म्हणाली. "सायेबाला घाई हाय."

आत पातेलं परत फळीवर ठेवल्याचं ऐकू आलं. मी भिंतीला धरून उठायला गेलो. भिंत नव्हती, म्हणून स्टुलाला धरलं, आणि स्टूल हलू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. दुपारचे बाराही वाजले नव्हते. त्या आळीतलं माझं ते शेवटचं घर होतं आणि दिवसभर मला कुठेही जायचं नव्हतं.